दसऱ्याचं माप

“चार वर्सांमागचं बरं हाय की रं यापरास,” अण्णा म्हणाले आणि परत खुर्चीत जाऊन बसले.

झालं! आठ वर्षांची उमेदवारी एका वाक्यात पाण्यात गेली. मी हातातला ब्रश तसाच धरून उभा राहिलो. खाली वखारीत करवतीला झेंडूचे हार चढले होते, पेढे वाटणं चाललं होतं, कुणीतरी मोठमोठ्याने हसत होतं. मला वाटलं, मलाच हसतायत.

कोल्हापुरात गंगावेशीकडे लाकडाची एक वखार होती आणि तिच्या माडीवर श्रीपतराव मेस्त्रींचा स्टुडिओ होता. सगळा जिल्हा त्यांना अण्णा म्हणायचा. कुठल्याही शाळेत जा, कारखान्यात जा, भिंतीवरचा फेटेवाला माणूस अण्णांनीच रंगवलेला असायचा. त्यांच्या हाताखाली आम्ही दोघे, मी जयसिंग आणि दुसरा प्रल्हाद. स्टुडिओची एक रीत होती. खंडेनवमीला सगळे ब्रश धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून पाटावर ठेवायचे आणि त्या दिवशी कुणी त्यांना हात लावायचा नाही. दसऱ्याच्या सकाळी अण्णा अंगावर शाल घेऊन खुर्चीत बसायचे आणि आम्ही एका बैठकीत त्यांचा चेहरा रंगवायचा. मग मागच्या खोलीतून जुन्या दसऱ्यांची चित्रं बाहेर यायची. वर्षभर ती तिथे भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. ती ओळीने लावायची, नवं चित्र शेवटी, आणि अण्णा ओळीसमोरून एक फेरी मारायचे. पोराच्या अंगाचं माप शिंपी घेतो तसं हे आमचं माप. गेल्या दसऱ्यापासून पोरगं किती वाढलं ते कळायचं.

आणि माझं त्या मापावर सगळं अडलेलं होतं. अण्णांनी ‘झालं’ म्हटल्याशिवाय शिष्याने चित्रावर स्वतःची सही करायची नाही, पाटी लावायची तर गोष्टच सोडा. इकडे शालनचे वडील, एसटी स्टँडवर कंट्रोलर होते, त्यांनी मला तोंडावर सांगितलं होतं, “तुमच्या नावाची पाटी लागू दे, मग लग्नाचं बोलू. माझी पोरगी काय उमेदवाराला द्यायची आहे?” त्या दसऱ्याला अण्णा ‘झालं’ म्हणणार याबद्दल मला तिळभर शंका नव्हती. वर्षभर सगळे मोठे चेहरे मीच तर काढत होतो! अण्णा नुसते शेवटचा हात फिरवायचे, तोही दार लावून.

“अण्णा, नीट बघा की,” मी म्हणालो. “चार वर्षांमागं मला कान सुद्धा धड येत नव्हता.”

“कान न्हाईच आला. गाल बघ.” त्यांनी शालीतून हात न काढता हनुवटीनेच दाखवलं. “आणि एक वरीस काढ हितं. काय बिघडत न्हाई.”

काय बिघडत नाही म्हणे! मी त्या चित्रापाशी गेलो. आणि देवाशपथ सांगतो, अंगावर काटा आला. गाल खरोखरच सुरेख होता. डोळ्याखालची पिशवी, तिच्यातून गालावर उतरणारी सावली, म्हाताऱ्या कातडीचा तो जरासा ओलसर उजेड. असा गाल मला आयुष्यात कधी जमला नव्हता. चार वर्षांमागं तर नाहीच नाही.

मी तसा पहिल्यापासून संशयी. दूध आणलं तर आधी वास घेणार, सुटे पैसे दोनदा मोजणार. बाकीचे आरतीला खाली गेले, तेव्हा मी त्या गालावर अंगठ्याचं नख दाबलं. नख रुतलं! चार वर्षांचा तेलरंग दगडासारखा घट्ट असतो. हा आत ओला होता. नाक लावलं तर जवसाच्या तेलाचा ताजा वास. माझ्या जुन्या चित्रावर कुणीतरी नवा रंग चढवला होता, आणि माझं नवं चित्र त्याच्यापुढे फिकं पडावं म्हणूनच चढवला होता.

कोण असेल? मी चित्र तिरपं धरून उजेडात बघितलं. माझे फटकारे उजवीकडून डावीकडे खाली उतरतात, उजव्या हाताच्या प्रत्येक माणसाचे तसेच उतरतात. या गालावरचे फटकारे उलट्या बाजूने उतरत होते. म्हणजे डावखुरा माणूस. आणि आमच्या माडीवर डावखुरा एकच होता.

प्रल्हादला मी दुसऱ्या दिवशी वखारीमागं गाठलं. तो टर्पेंटाईनच्या डब्यात ब्रश बुचकळत होता.

“माझ्या चित्राला हात का लावलास?”

“कुठल्या?”

“सोंग करू नको. चार वर्षांमागचं. गालाचं.”

त्याने ब्रश खाली ठेवला, हात पुसले आणि माझ्याकडे असं बघितलं की मला उगीच ओशाळल्यासारखं झालं.

“जयसिंग, लेका, तसला गाल मला काढाय आला असता तर मी हितं तुझे ब्रश धुत बसलो असतो व्हय?”

खरंच होतं. प्रल्हाद फेटे छान काढायचा, कोटाची बटणं तर अशी की उचलून घ्यावीत, पण चेहऱ्याशी आला की त्याचा माणूस शाडूच्या गणपतीसारखा दिसायचा.

“मग कोण?” मी विचारलं.

“मला काय माहीत? माडीची किल्ली कुणाकडं असती ते बघ,” प्रल्हाद म्हणाला आणि परत ब्रश घेऊन बसला.

किल्ली अण्णांकडे! ते एक वाक्य माझ्या डोक्यात शिरलं ते बाहेरच येईना. आणि मग काय, एकदा संशय धरला की सगळंच जुळत जातं. फटकारे डावखुरे होते, म्हणजे आळ प्रल्हादवर यावा म्हणून मुद्दाम उलटे मारले होते. हल्ली अण्णा आमच्यासमोर चित्राला हात लावत नव्हते. पूर्वी ब्रश हिसकावून घेऊन एका फटकाऱ्यात नाक बसवून द्यायचे, आता नुसते तोंडाने सांगायचे, ‘जरा खाली घे, जरा गरम कर.’ म्हणजे हातचं कसब लपवत होते. पूर्वी आमच्यात बसून जेवायचे, आता आत एकटे जेवायचे. म्हणजे आमच्याशी बोलणं टाळत होते. जेवण झालं की आम्हाला खाली पिटाळायचे आणि चार वाजेपर्यंत माडीचं दार बंद. काकी, म्हणजे त्यांच्या पत्नी, जिन्याच्या तळाशी सूप घेऊन तांदूळ निवडत बसायच्या. ‘झोपल्यात,’ म्हणायच्या. रोज तेवढा वेळ कोण झोपतं हो? फुकटात चेहरे काढून देणारा गडी हातचा जाऊ नये म्हणून हा म्हातारा माझीच जुनी चित्रं सजवून मला खाली दाबत होता, असा माझा पक्का हिशेब झाला.

संध्याकाळी शालन देवळाच्या वाटेवर भेटली. काय झालं ते मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

“अजून एक वर्ष?” ती म्हणाली. “बाबा दिवाळीपलीकडे थांबायचे नाहीत. कराडचं स्थळ आलंय. मुलगा पाटबंधाऱ्यात आहे.”

“तू काय म्हणालीस?”

“मी काय म्हणणार? तुम्ही पाटी आणा, मग म्हणते.” तिने मान फिरवली आणि भराभरा चालायला लागली. मला रात्रभर झोप आली नाही. अण्णांचा असा राग आला होता की समोर असते तर काय बोललो असतो कुणास ठाऊक.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी जिन्यापाशी गेलो. काकी सूप घेऊन बसलेल्याच.

“काकी, माझा चष्मा राहिला वर.”

“तुला चष्मा कवा लागला रं?”

“कालपासून,” म्हटलं आणि त्यांच्या सुपावरून ढांग टाकून वर पळालो. “आरं थांब, जयसिंग! नगं जाऊस!” त्या ओरडत राहिल्या. वर जाऊन मी दार ढकललं.

अण्णा खिडकीशी बसले होते. खिडकीच्या गजाला दाढीचा आरसा टांगलेला. समोर ईझलवर माझं आणखी एक जुनं चित्र. चोर रंगेहाथ सापडला, असं माझ्या मनात आलं सुद्धा. पण ब्रश त्यांच्या डाव्या हातात होता. आणि उजवा हात मांडीवर उघडा पडलेला, गिरणीचा पट्टा थरथरतो तसा नुसता थरथरत होता. त्यांनी तो झाकायला शाल ओढली, पण शाल खाली घसरली आणि त्यांना ती उचलता येईना.

“आलास व्हय?” ते आरशातूनच म्हणाले. “दार लाव. प्रल्हादला कळाय नगं.”

मी दार लावलं. शाल उचलून द्यायचं मला सुचलं नाही.

“अण्णा, ते चित्र माझं आहे.”

“चेहरा माझा हाय.”

“म्हणून त्याच्यावर रंगवायचं?”

“कोऱ्या कापडावर डावा हात बुजतो रं,” अण्णा म्हणाले. “लहान पोरागत हुतो. खाली तुझं ड्रॉइंग असलं की त्येला वाट घावती. नाक कुठं, डोळा कुठं, ते तू नीट मांडतोस. तेवढं तुला येतंय. मग हा वरनं चालतो.” त्यांनी उजव्या हाताकडे बघितलं. “ह्यो गेला. दोन वर्सं झाली. डॉक्टर म्हणतोय वाढत जाणार.”

“मग सांगायचं नाही आम्हाला?”

“आणि तुमी गावाला सांगायचं. हात थरथरतोय म्हणल्यावर कुठला चेअरमन माझ्याम्होरं बसंल?”

माझा राग कमी व्हायला पाहिजे होता. नाही झाला. मला शालन दिसत होती, भराभरा चालत जाणारी.

“मला मुद्दाम थांबवलंत तुम्ही.”

“थांबवलं.” एका शब्दात कबूल! वळसा नाही, सारवासारव नाही. “तू गेलास की चेहरं कोण काढणार? प्रल्हाद? आणि एक वरीस मिळालं तर ह्यो हात तयार हुतोय. म्हणून थांबवलं. पण ते गालाचं चित्र उचल. तुझ्या औंदाच्या चित्राशेजारी धर आणि सांग मला. खोटं बोललो काय?”

मी दोन्ही चित्रं उचलून खिडकीपाशी नेली. शेजारी शेजारी धरली. बराच वेळ बघत होतो. साठी ओलांडलेल्या माणसाने दुसऱ्या हाताने अ आ इ पासून सुरुवात केली होती आणि दोन वर्षांत तो हात माझ्या पुढे निघून गेला होता. माझ्या नव्या चित्रात सगळं जागच्या जागी होतं, पण त्यात अण्णा नव्हते. मला रडू आलं. रागाने आलं की लाजेने, ते आजही सांगता यायचं नाही.

“जाऊ दे,” अण्णा म्हणाले. “जा तू. उद्यापास्नं तुझी सही कर. पाटी लाव. मी सांगतो गावाला, पोरगं तयार झालं म्हणून. फकस्त ह्या हाताचं कुठं बोलू नगंस.”

ज्याच्यासाठी आठ वर्षं रंग घोटले, ते समोर आलं होतं. नुसतं ‘बरं’ म्हणायचं आणि थेट कंट्रोलरसाहेबांच्या दारात जाऊन उभं राहायचं. पण माझा स्वभाव! तोंडातून निघून गेलं, “माझं तोंड बंद करायला देताय का?”

अण्णांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या. मला वाटलं, आता आरसा फेकून मारतात.

“तोंडच बंद करायचं असतं तर पेढा कोंबला असता,” ते ओरडले. “बस तितं!”

“कुठे?”

“माझ्या खुर्चीत. आणि ती कोपऱ्यातली चौकट आण, कोरं कापड लावलेली.”

मी आणली. ईझलवरचं माझं चित्र त्यांनी काढायला लावलं आणि कोरं कापड लावायला लावलं. मग मी त्यांच्या खुर्चीत बसलो. त्या खुर्चीत आमच्यापैकी कुणी कधी बसलं नव्हतं. बसल्यावर कळलं, किती अवघड आहे ते. समोरचा माणूस तुमच्याकडे बघतो, मग कापडाकडे बघतो, मग परत तुमच्याकडे, आणि त्याला काय सापडलं ते काही कळत नाही. पहिला फटकारा मारताना त्यांचा डावा हात हवेत थांबला. दोनदा मागे आला. “हाड!” त्यांनी हातालाच दटावलं आणि ब्रश टेकवला.

मध्ये काकी चहा घेऊन आल्या. दारात उभं राहून त्यांनी बघितलं, कोरं कापड, डावा हात, खुर्चीत मी.

“दुसऱ्याम्होरं काढाय लागलायसा?” त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसले. “दोन वर्सं झाली, मलाबी आत येऊ देत न्हवतासा.”

“चहा ठेव आणि जा,” अण्णा म्हणाले. चहा गार होऊन साय धरली, पण त्याला कुणी हात लावला नाही.

उन्हं वखारीच्या पत्र्यावरून खाली गेली तेव्हा अण्णांनी ब्रश ठेवला. “बघ,” म्हणाले. त्यांचा चेहरा घामाने भिजला होता.

मी जाऊन बघितलं. कडा वेड्यावाकड्या होत्या, एक कान खाली उतरला होता. पण तो मी होतो. मान जरा मागे घेतलेली. ओठाचं एक टोक खाली. आणि डोळे! एक डोळा किंचित बारीक केलेला. दुकानात नोट उजेडात धरून बघणारा माणूस बघतो तसा तो माणूस माझ्याकडे बघत होता.

“असा बघतो मी?”

“रोज.” अण्णांनी शाल मागितली, मी त्यांच्या अंगावर घातली. “माझा हात दोन वर्सं शालीखाली हाय, जयसिंग. दोन दसऱ्यांच्या दोन बैठका झाल्या. तू समोर बसून माझा चेहरा काढलास. रात्र-रात्र झोप नसायची मला, भीती असायची, की आता खायचं काय, म्हातारीला घालायचं काय. ते तुझ्या एकाबी चित्रात न्हाई. मी काय लपवतोय तेवढंच तू हुडकत बसलास. मला काय हुतंय, ते न्हाई बघितलंस.”

मी त्यांच्या हातावर शाल नीट केली.

“सही कर म्हणालो ते खरं हाय,” ते म्हणाले. “कर.”

“पुढच्या दसऱ्याला,” मी म्हणालो. “तोवर चेहरे मी काढतो. सही तुमची.” हे बोलताना कराडचं स्थळ डोळ्यांपुढे होतं आणि जीव अक्षरशः तुटत होता. पण त्या चित्रासमोर उभं राहून ‘मी तयार आहे’ असं म्हणायला जीभ उचलली नाही.

ते ओलं चित्र कडांना धरून मी सरळ शालनच्या घरी गेलो. हाताबद्दल काही बोललो नाही, तो शब्द मी अण्णा होते तोवर पाळला. कंट्रोलरसाहेबांना एवढंच म्हणालो की अजून वर्षभर मला पाटी मिळणार नाही, आणि का नाही ते या चित्रात आहे. त्यांनी चित्र हातात घेतलं, माझ्याकडे बघितलं, परत चित्राकडे.

“अगदी हाच!” ते बायकोला हाक मारून म्हणाले. “मी म्हणत नव्हतो तुला? हा माणूस आपल्या चहाच्या कपात सुद्धा असाच बघतो.”

शालन आतून आली. तिने चित्र बघितलं आणि खळखळून हसली. मग हसता हसता थांबली.

“बाबा, कराडला नाही म्हणून कळवा,” ती म्हणाली. “मी वर्षभर थांबते.”

“अगं पण पाटी?”

“ज्याला स्वतःचा असा चेहरा लोकांना नेऊन दाखवता येतो, त्याची पाटी लागेल कधीतरी.” मग माझ्याकडे वळून म्हणाली, “हे चित्र मात्र मला ठेवा.”

“कशाला?” मी लगेच विचारलं. सगळं घर हसलं.

लग्न झालं, पाटी लागली. अण्णांच्या डाव्या हाताचे चेहरे आज जिल्ह्यातल्या कितीतरी भिंतींवर आहेत आणि कुणाला त्यातलं काही माहीत नाही. अण्णा गेल्यावर दसऱ्याला चेहरा कुणाचा काढायचा, हा प्रश्न आला, तेव्हापासून शालन खुर्चीत बसते. आता माझे शिष्य विचारतात, सर, आपण पुढे जातोय हे कळतं कसं? मी त्यांना मापाची रीत सांगतो. पण माझं माप शालन घेते. ओळ लावून झाली की ती एक फेरी मारते आणि बहुतेक वर्षी म्हणते, “छान आहे. साडी छान आलीये.” साडी छान आली म्हणजे मी काय समजायचं ते समजतो.

या दसऱ्याला ती ओळीच्या शेवटी थांबली आणि कितीतरी वेळ हललीच नाही. मला वाटलं, आता काय खोट काढतेय.

“काय झालं?” मी विचारलं. “रंग जड झाला का डाव्या गालावर? मला पण शंका होती, पण तो तसाच दिसत होता, म्हणून तसाच ठेवला.”

तिने स्वतःच्या गालावर हात ठेवला. डोळे भरून आले होते.

“दाढ दुखतेय हो माझी,” ती म्हणाली. “आठवडा झाला. सणाचं कशाला म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं.”

ब्रश तसेच टाकून आम्ही डॉक्टर शोधायला बाहेर पडलो. दसऱ्याच्या दिवशी एक दवाखाना उघडा मिळेल तर शपथ.